पडलेल्या पिक्चरचा हिशेब

पिक्चर चालला की सेटवरच्या भांडणाचा किस्सा होतो. पिक्चर पडला की तेच भांडण पडण्याचं कारण होतं. भांडण तेच, माणसं तीच, वापरलेल्या शिव्यासुद्धा त्याच. फरक फक्त तिकीट खिडकीवरच्या गल्ल्याचा.

चाललेल्या पिक्चरचे लोक पुढे मुलाखती देतात. 'आमचं इतकं वाजलं होतं की आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो,' असं हसत सांगतात आणि ऐकणारे टाळ्या वाजवतात. पडलेल्या पिक्चरच्या लोकांना मुलाखतीला कोणी बोलावत नाही. त्यांचं भांडण मग घरातच राहतं, लग्नाच्या पंगतीत, पाहुण्यांच्या बैठकीत फिरत राहतं, आणि दरवर्षी थोडं फुगतं. 'हे भांडले नसते तर पिक्चर चालला असता' हे वाक्य एकदा कोणी म्हटलं की ते शिलालेखासारखं पक्कं होऊन बसतं.

मला विचाराल तर हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. आमच्या नात्यातल्या मंडळींना वाचता वाचता कळेलच की मी कुठे चाललोय. पण आधी जरा लांबून येतो, म्हणजे कोणाला पहिल्याच ओळीत राग यायला नको.

लांबून म्हणजे थेट दादासाहेब फाळक्यांपासून.

फाळक्यांची गोष्ट आपल्याला 'राजा हरिश्चंद्र'पर्यंत पाठ आहे. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला, वर फिल्म धुवायलाही त्याच. ३ मे १९१३ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये पिक्चर लागला आणि इतिहास घडला. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'नेही हीच उमेदीची वर्षं फार गोड दाखवली आहेत. मी तो सिनेमा तीनदा पाहिलाय, चौथ्यांदाही पाहीन. पण फाळके त्यानंतर तीस वर्षं जगले. त्या तीस वर्षांची गोष्ट आपण पोरांना सांगत नाही, कारण तिच्यात भांडणं आहेत, राजीनामे आहेत आणि न चाललेले पिक्चर आहेत. मला मात्र तोच भाग जास्त कामाचा वाटतो.

१९१७च्या 'लंकादहन'ने पैसा दिला. (त्यात अण्णा साळुंके या एकाच नटाने रामही केला आणि सीताही!) मग १९१८च्या सुरुवातीला नाशिकला 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' उभी राहिली. पैसा घालणारे भागीदार होते, त्यांत वामनराव आपटे होते, मायाशंकर भट होते. फाळके हे काम करणारे भागीदार. करार पंधरा वर्षांचा. आणि पहिलं दीड वर्ष कसं गेलं? १९१८चा 'श्रीकृष्णजन्म' चालला. १९१९चा 'कालियामर्दन' तर तुफान चालला. त्यात फाळक्यांची छोटी मंदाकिनी कृष्ण झाली होती. थोडक्यात, कंपनीचे पिक्चर पडत नव्हते, धावत होते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत भागीदारांचं आणि फाळक्यांचं बिनसलं.

कशावरून? जे सगळीकडे असतं त्यावरूनच. खर्च किती, वेळ किती, आणि शेवटचा शब्द कोणाचा. एखादा प्रसंग मनासारखा होईपर्यंत फाळके तो सोडायचे नाहीत. ट्रिक सीनसाठी दिवसच्या दिवस जायचे. भागीदारांना वाटायचं, बाजारात मागणी आहे तर झटपट पिक्चर काढावेत, खर्चाला शिस्त असावी. शेवटी फाळके राजीनामा देऊन उठले. मुदतीआधी उठल्यामुळे नफ्यातल्या वाट्यावरही पाणी सोडावं लागलं. घरदार घेऊन ते काशीला गेले. तिथे 'रंगभूमी' नावाचं लांबलचक नाटक लिहिलं. 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकरांनी परत येण्याचा आग्रह केला, तर फाळक्यांचं उत्तर असं की मी मेलो आणि मला पुन्हा जिवंत व्हायचं नाही. कोल्हटकरही पक्के संपादक. त्यांनी ते उत्तरच छापून टाकलं. मग वाचकांच्या पत्रांचा असा पाऊस पडला की काशीत बसलेल्या माणसाचं मन पाघळलं. १९२२ला फाळके परत आले, पण आता भागीदार म्हणून नव्हे, महिना हजार रुपये पगारावर.

स्वतः उभ्या केलेल्या कंपनीत पगारदार! वाचताना आपल्याला फाळक्यांचीच बाजू खरी वाटते. मलाही वाटायची. पण जरा आपट्यांच्या जागी बसून पाहा. तुमचे पैसे अडकलेत. स्टुडिओत नट, कामगार, जनावरं आणि रोजची चूल. एकत्र कुटुंबासारखा मोठा बारदाना. त्यातला कर्ता माणूस म्हणतो, हा सीन पुन्हा. तुम्ही विचारता, किती दिवस? तो म्हणतो, होईल तेव्हा. अशा वेळी 'हिशेब द्या' म्हणणारा माणूस खलनायक कसा काय होतो, हे मला कोणी समजावून सांगावं.

आता खरी गंमत पुढे आहे. माझ्या म्हणण्याचा सगळा आधार तोच आहे.

काही वर्षांनी फाळके पुन्हा कंपनीतून बाहेर पडले आणि 'फाळके डायमंड कंपनी' काढून त्यांनी 'सेतुबंधन' हाती घेतला. रामाने लंकेला जायला पूल बांधला ती कथा. या नव्या कंपनीला पैसा कोणी दिला? मायाशंकर भटांनी. म्हणजे जुन्याच भागीदारांपैकी एकाने. शूटिंगसाठी हंपीपर्यंत मंडळी गेली. पैसा संपला, काम थांबलं, बराच काळ थांबलं. मग पुढे कोण आलं? वामनराव आपटे. ज्यांच्याशी वाजलं म्हणून फाळके काशीला गेले होते, त्याच आपट्यांनी हात दिला आणि हिंदुस्थान कंपनीतर्फे पिक्चर पुरा झाला.

म्हणजे बघा, भांडण मिटलं होतं. माणसं पुन्हा एकत्र आली होती. नावसुद्धा काय, तर 'सेतुबंधन'! एखाद्या कीर्तनकाराने सांगितली असती तर इथे गोष्ट संपवून 'आणि पिक्चर धो धो चालला' असं म्हटलं असतं.

पिक्चर पडला.

कारण मधल्या काळात, १४ मार्च १९३१ला, मुंबईत 'आलमआरा' लागला होता. पडदा बोलायला लागला होता. 'सेतुबंधन' १९३२ला आला तो मुका. आणि त्याच १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, तो पहिला मराठी बोलपट. विषय कोणता? राजा हरिश्चंद्रच! ज्या कथेने फाळक्यांनी सुरुवात केली ती कथा आता गात-बोलत पडद्यावर आली होती, आणि फाळक्यांचा राम ओठ हलवत मुका उभा होता. पुढे सुमारे ४० हजार रुपये खर्चून 'सेतुबंधन'वर आवाज चढवला गेला. पण ज्या गाडीला लोक एकदा चढले ती गाडी पुढे निघून गेलेली होती. हिंदुस्थान कंपनीचंही त्याच सुमारास आवरलं.

तर मंडळी, फाळक्यांचा हिशेब असा आहे. भांडण जोरात होतं तेव्हा पिक्चर चालले. भांडण मिटलं तेव्हा पिक्चर पडला. आता सांगा, भांडणाने पिक्चर पडतो हे कुठल्या गणितात बसवायचं?

पुढचाच पिक्चर पाहा. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी आग्रह करून फाळक्यांना 'गंगावतरण' करायला लावला. भागीदारांची भानगड नाही, पैसा संस्थानिकाचा, कथेला ना. ह. आपट्यांसारखा कादंबरीकार. दोन वर्षं लागली, अडीच लाख खर्च झाला. १९३७च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसला तो लागला. फाळक्यांचा हा पहिला आणि शेवटचा बोलपट. तोही म्हणावा तसा चालला नाही. फाळके सदुसष्ट वर्षांचे होते आणि प्रेक्षक पुढे गेला होता, एवढंच.

कोणी म्हणेल की एका माणसावरून काय ठरवता. मग प्रभातकडे बघू. १९२९ला कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच जणांनी कंपनी काढली. १९३३ला त्यांनी 'सैरंध्री' रंगीत काढायचं ठरवलं. प्रती काढायला थेट जर्मनी गाठली. रंग बिघडले, पिक्चर आपटला, पैसा गेला. एवढ्या मोठ्या दणक्याने पाच जण फुटायला हवे होते की नाही? फुटले नाहीत. उलट पुण्याला येऊन त्यांनी मोठा स्टुडिओ बांधला आणि 'संत तुकाराम'पासून 'माणूस'पर्यंत एकेक रत्न काढलं. कंपनी खरी दुभंगली ती १९४१च्या 'शेजारी'नंतर, शांतारामबापू बाहेर पडले तेव्हा. आणि 'शेजारी' तर गाजलेला पिक्चर! बरं, त्यांच्यामागे प्रभातने 'रामशास्त्री' काढला. त्याचं दिग्दर्शन राजा नेन्यांकडून विश्राम बेडेकरांकडे आणि तिथून गजानन जागीरदारांकडे गेलं. एका पिक्चरला तीन दिग्दर्शक म्हणजे पडद्यामागे काय काय झालं असेल याची कल्पना करा. हाच पिक्चर पडला असता तर आज आपण म्हटलं असतं, 'पडणारच, तीन तीन दिग्दर्शक!' पण १९४४ला तो जोरात चालला, म्हणून आपण म्हणतो, 'जागीरदारांनी काय काम केलंय हो!'

आणखी एक गोष्ट बघा. फाळक्यांनी लिहिलं. १९१७-१८ला 'नवयुग' मासिकात त्यांचे लेख आले. १९२७-२८ला सरकारने सिनेमाच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. त्यामुळे आपण वाचतो ती फाळक्यांची बाजू. पैसेवाल्याची बाजू वहीत असते, आणि वही कोणी वाचत नाही. अमेरिकेत १९८०ला 'हेवन्स गेट' नावाचा पिक्चर असाच भयंकर पडला. दिग्दर्शक मायकेल सिमिनो एकेक सीन पुन्हा पुन्हा घेत राहिला, खर्च हाताबाहेर गेला, आणि पुढच्याच वर्षी युनायटेड आर्टिस्ट्ससारखी जुनी कंपनी विकली गेली. तिथे मात्र कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने, स्टीव्हन बाखने, सगळा प्रकार पुस्तकात लिहून ठेवला. पैसेवाल्याच्या खुर्चीतून ते भांडण कसं दिसतं ते जगाला कळलं. आपल्याकडे अशी पुस्तकं झाली असती तर बरं झालं असतं.

पुस्तक माझ्याकडे नाही. वही आहे.

आता नात्यातल्या मंडळींनी जरा सावरून बसावं.

२०१३ साली आपल्या हिंगोली जिल्ह्यात एक पिक्चर तयार झाला. नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. दिग्दर्शक माझा मामेभाऊ, त्याला आपण अण्णा म्हणू. पैसे घालणारे मुख्य म्हणजे त्याचे दाजी, वसमतकडचे हळदीचे शेतकरी. तिसरे एक गुरुजी, त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून वाटा उचलला. कॅमेरा भाड्याचा, नट परभणी-नांदेडच्या हौशी नाटकवाल्यांतले. हिशेबाची वही माझ्याकडे होती आणि अजून आहे. लाल कापडी पाठीची, आडतीवर असते तशी. शूटिंग सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला, औंढ्याला, नर्सीच्या रस्त्यावर आणि बरंचसं दाजींच्या शेतात झालं.

आणि भांडण झालं ते हळदीवरून.

ज्यांनी हळद पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीतून काढलेली हळद आधी शिजवतात, मग उन्हात वाळवतात, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करतात. शिजवण्याचं एक माप असतं. कच्ची राहिली तर वाळत नाही नीट, जास्त शिजली तर रंग जातो आणि रंग गेला की भाव जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे शेतात कुकर लागतात, वाफेचे लोट उठतात, सगळा शिवार त्या वासाने भरून जातो. अण्णाला तो सीन पाहिजे होता. वाफेतून नायिका चालत येते, असा. पहिल्यांदा वाफ उलट्या दिशेने गेली. दुसऱ्यांदा कॅमेऱ्याच्या काचेवर बाष्प धरलं. तिसऱ्यांदा ऊन गेलं. चौथ्यांदा अण्णा म्हणाला, तीच हळद पुन्हा शिजवा.

दाजी म्हणाले, शिजलेली हळद पुन्हा शिजवायची?

त्या एका प्रश्नात सगळं भांडण आलं. अण्णाच्या दृष्टीने तो पिक्चरमधला सगळ्यात महत्त्वाचा सीन होता. दाजींच्या दृष्टीने ती वर्षाची कमाई होती, तीही मराठवाड्यात दुष्काळ पडलेल्या साली. दोघंही बरोबर होते. पुढे शब्दाला शब्द लागला. अण्णा काहीतरी 'अडाणी' असं बोलून गेला. दाजी काहीतरी 'फुकटचे शौक' असं बोलून गेले. दाजी जीप आणि जनरेटर घेऊन घरी गेले. चार दिवस काम बंद. पाचव्या दिवशी गुरुजींनी मधे पडून काम सुरू केलं, पण अण्णा-दाजी एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच.

पिक्चर मार्च २०१४मध्ये लागला. तीन थिएटरांत. किती दिवस टिकला ते सांगत नाही, ताईला वाईट वाटेल.

ताई म्हणजे अण्णाची बहीण, दाजींची बायको. सगळ्या प्रकरणात जिने एक शब्द काढला नाही ती. पिक्चर लागला त्या वर्षापासून ती दिवाळीला माहेरी आलेली नाही. तिला कोणी येऊ नको म्हटलेलं नाही. पण नवऱ्याला जिथे बोलावणं नाही तिथे ती एकटी कशी येणार? आणि अण्णाने बोलावलं नाही, कारण अण्णाच्या मते पिक्चर दाजींमुळे बुडाला. दाजी येत नाहीत, कारण त्यांच्या मते पैसे अण्णाच्या हट्टामुळे बुडाले. बाकीची मंडळी दोन गटांत वाटली गेली आहेत. पण एका गोष्टीवर दोन्ही गटांचं एकमत आहे. काय, तर 'भांडणाने पिक्चर बुडाला.'

म्हणून मी वही काढली. त्या वहीतले आकडे असे.

एकूण खर्च १३ लाख ४० हजार. थिएटरांतून हातात आले ६१ हजार. म्हणजे तोटा १२ लाख ७९ हजार. आता भांडणामुळे काय गेलं? चार दिवसांचं कॅमेऱ्याचं भाडं, थांबलेल्या नटांचं जेवण-राहणं, दुसरीकडून आणलेला जनरेटर आणि बिघडलेली हळद धरून ५२ हजार. म्हणजे शंभर रुपयांच्या तोट्यात चार रुपये भांडणाचे. बाकीचे शहाण्णव?

बाकीचे शहाण्णव असे गेले. संवाद जागेवरच रेकॉर्ड केले होते, त्यात वारा घुसला. पुन्हा डबिंग करायला पैसे नव्हते. अर्धा पिक्चर लोकांना ऐकूच आला नाही. (फाळक्यांना आवाजाने मारलं, आम्हाला वाऱ्याने!) वितरक मिळाला नाही, म्हणून थिएटरं स्वतः भाड्याने घेतली. पोस्टर, जीपवरची जाहिरात, डिजिटल कॉपीचा खर्च, हे सगळं तेव्हाच्या आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. आणि पिक्चर लागला तो मार्च २०१४, म्हणजे गारपिटीचे दिवस. मराठवाड्यात उभी पिकं झोपली होती. ज्याच्या शेतात गारांचा खच पडलाय तो माणूस तिकीट काढून पिक्चर बघायला येईल का? दाजी आणि अण्णा गळ्यात गळे घालून फिरले असते तरी तो आला नसता.

आणि एक सांगू का? त्या पिक्चरमध्ये पाहण्यासारखं जे काही आहे त्यात हळदीचा सीन पहिला. तो शेवटी झालाच. गुरुजींच्या शब्दावर दाजींच्या गड्यांनी कुकर लावला, दाजी स्वतः आले नाहीत. वाफेतून ती पोरगी येते तेव्हा थिएटरातल्या त्या वीस-पंचवीस माणसांतसुद्धा एकदम शांतता झाली होती. पिक्चर चालला असता तर आज अण्णा आणि दाजी कुठल्या तरी स्टेजवर शेजारी बसून 'शिजलेली हळद पुन्हा शिजवायची?' हा किस्सा सांगत असते आणि लोक पोट धरून हसले असते. हे वाक्य पाठ होऊन बसण्याच्याच लायकीचं आहे. फक्त गल्ला भरला नाही म्हणून ते घरात काट्यासारखं रुतून बसलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे की तोटा आणि भांडण ही दोन वेगळी खाती आहेत. ती एका पानावर लिहू नयेत. तोट्याची कारणं बाजारात, हवेत, आवाजात, नशिबात असतात आणि ती बहुतेक वेळा दोघांच्याही हातात नसतात. त्यामुळे तोटा कोणाच्या नावावर टाकताच येत नाही. भांडण मात्र दोघांचं असतं आणि म्हणूनच ते दोघांना मिटवता येतं. आपण उलटं करतो. जे कोणाच्याच हातात नव्हतं ते एकमेकांच्या नावावर टाकतो, आणि जे हातात आहे ते तसंच ठेवतो. तोट्याला माणसाचा चेहरा दिला की मन हलकं होतं, हे खरं आहे. गारपिटीशी कोण भांडणार? मेव्हण्याशी भांडता येतं.

कोणी म्हणेल, मग काय, भांडणाची भीडच ठेवायची नाही? ठेवा की. आता हातात मोबाईल घेऊन पिक्चर काढणारी पोरं आपल्या जिल्ह्यातही खूप झालीत, चांगली कामं करतात. त्यांना माझं सांगणं आहे की शूटिंगआधी दोन गोष्टी कागदावर लिहा. शेवटचा शब्द कोणाचा, आणि पैसा कुठे संपला की थांबायचं. फाळक्यांकडे पंधरा वर्षांचा करार होता, तरी या दोन प्रश्नांवर दीड-दोन वर्षांतच वाजलं. नात्यात तर करार नसतोच, 'आपल्यात कसला कागद' असतं. तिथे कागद जास्त लागतो. कागदाने भांडण टळेलच असं नाही, पण भांडणाची किंमत किती ते तरी कळेल. आमच्या वहीमुळे मला कळलं. बावन्न हजार.

बारा वर्षांच्या दिवाळ्या या बावन्न हजारांत गेल्या.

आपट्यांनी फाळक्यांना हात दिला तेव्हा त्यांना ठाऊक असणार की मूकपटाचे दिवस भरत आलेत. तरी दिला. 'सेतुबंधन' त्यामुळे चालला नाही, पण पुरा झाला. मला यात फाळक्यांच्या जिद्दीइतकंच आपट्यांचं मोठेपण दिसतं. त्यांच्या नावाने पुरस्कार नाही, असावा असंही मी म्हणत नाही. निदान नाव तरी माहीत असावं.

वहीची एकेक झेरॉक्स मी अण्णाला आणि दाजींना पाठवली आहे. भांडणाच्या खर्चाचं पान दुमडून ठेवलंय, म्हणजे शोधायला नको. बावन्न हजार दोघांत वाटले तर सव्वीस-सव्वीस हजार होतात. सव्वीस हजारांत आज फार तर एखादा बरा मोबाईल येतो. बाकीच्या नातेवाइकांना माझी हात जोडून विनंती आहे. उद्या कुठल्या पंगतीत कोणी 'भांडणाने बुडाला' म्हणालं, तर त्याला सांगा की गारपीट झाली होती, वारा होता, वितरक नव्हता. आणि विषय बदला.

भाऊबीज अजून लांब आहे. तोवर दोघांचं वाचून होईल.